भेगेत रोवलेला गोटा

आमच्या आणि किसनकाकांच्या वावराच्या मध्ये धुरा, म्हणजे बांध, नव्हता, नुसते दोन गोटे होते. एक वर गाडीवाटेच्या तोंडाशी, दुसरा खाली नाल्याकाठच्या बाभळीजवळ. बाबांचे वडील आणि किसनकाकांचे वडील सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा धुऱ्यावर गवत माजवून दोन हात काळी जमीन फुकट घालवायची नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं आणि दोन टोकांना दोन दगड रोवून मोकळे झाले. पेरणीच्या दिवशी एकानं वरच्या गोट्याशी उभं राहायचं, दुसऱ्यानं खालच्या गोट्याशी पांढरं फडकं बांधलेली काठी धरायची, आणि त्या फडक्यावर नजर ठेवून बैल हाकले की रेघ पडायची. रेघेच्या अलीकडे आमची पऱ्हाटी, पलीकडे त्यांची. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. आमच्याकडे तिला कपाशी म्हणणारा एकतर शाळामास्तर असायचा नाहीतर सरकारी कारकून. आता गावात सख्ख्या भावांच्या मध्ये तारेची कुंपणं आहेत आणि त्यांच्या फाटकांना कुलपं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. त्या दोन गोट्यांवर दोन घरांचा भरवसा चालत होता, आणि मी अकरा वर्षांची असताना त्यातला एक मी हलवला.

गाव आमचं भातकुलीच्या पुढं, खारपाणपट्ट्यात. तिथं विहीर खणली की पाणी लागतं, पण तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. बाबांनी तरुणपणी हौसेनं वावरात विहीर खणायला घेतली होती. खणणारा गोमाजी बेलदार. चार गावांच्या विहिरी त्याच्या हातच्या. पाणी खारं निघालं, विहीर न बांधताच पडून राहिली, आणि तिच्या उघड्या अंगावर बाबांनी मला माती शिकवली. मला काठावर पालथं निजवायचे, एका हातानं माझे दोन्ही पाय धरायचे आणि दुसऱ्या हातातल्या तुराटीनं, तुरीच्या वाळक्या काडीनं, दाखवायचे. सगळ्यात वर हातभर भुसभुशीत काळी, वखराखालची. तिच्यात मुळ्या, पालापाचोळा, किडे. तिच्याखाली चोपण, ओली असली की बोटाला चिकटून सुटत नाही आणि वाळली की कुदळ उलटी उडवते. चोपणाचं ढेकूळ फोडलं की आतून तिरपं फुटायचं आणि ती फुटलेली बाजू घासून काढल्यासारखी चकचकीत असायची. बाबा म्हणत, "हे पाय कौशे, पानी पेली की फुगते, वाळली की आवयते. अंगाले अंग घासून राहिली ना, थ्याची चमक हाय हे." त्याच्याही खाली रंग पिवळट होत जायचा आणि चुनखडीचे पांढरे खडे दिसू लागायचे, कुठं शेंगदाण्याएवढे, कुठं सुपारीएवढे. मग मुरूम, आणि मग ते खारट पाणी. "चुनखडी आपल्या पायानं वर येत नाई," बाबा बजावायचे. "वर दिसली तं समजाचं, कोनीतरी कदी उकरलं हाय." माझा नातू सध्या अकोल्याला शेतकी शिकतो. त्याच्या वहीत जमिनीच्या थरांचं रंगीत चित्र आहे, बाजूला अक्षरं टाकलेली. मी ते त्याला न वाचता वरून खाली सांगितलं, तर तो म्हणाला, आजी, तू कुठल्या कॉलेजात होतीस? मी त्याला सांगितलं, विहिरीच्या काठावर, पालथी.

बाबांचं नाव सखाराम, पण मागून सगळे त्यांना तापट सखाराम म्हणत. ते खोटं नव्हतं. वखराची पास, म्हणजे पातं, वाकडी लागली तरी त्यांचा आवाज नाल्यापलीकडे जायचा. पण शेतात त्यांच्या इतका नेटका माणूस मी पाहिला नाही. तास, म्हणजे पेरलेली ओळ, मोजल्याशिवाय ते कधी वावरातून निघत नसत. घरी आल्यावर मायला आधी तासांचा आकडा सांगणार, मग हातपाय धुणार. माय बिचारी चुलीपुढं बसून हूं हूं करायची. तिचं मातीशी वेगळं नातं होतं. काळीनं चूल लिंपली की तडकते म्हणून ती गावठाणातली पांढरी माती आणायची, आणि डोकं धुवायला मात्र वावरातली काळी भिजत घालायची. संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा, आणि ज्वारीच्या कण्या घालून रटरटणारी आंबाडीची भाजी, यावरून मला डोळे मिटूनसुद्धा आमचं घर ओळखता आलं असतं. बाबा जेवायला बसले की कांदा मुठीनं फोडायचे, ठेच्यावर तेल ओतून घ्यायचे आणि तीन भाकरी खायचे. तीनच. त्यात कधी अर्ध्याचाही फरक नाही, म्हणून पुढं जे झालं ते सगळ्यात आधी मायच्या टोपल्यात दिसलं.

किसनकाकांची यमी माझ्याच वयाची. आम्ही दोघी जिथं जायचो तिथं मिळून जायचो. त्या वैशाखात आम्ही वावरात शेण आणि उपटलेल्या पऱ्हाट्या गोळा करायला गेलो होतो. काळ्या जमिनीच्या उन्हाळ्यातल्या भेगा ज्यानं पाहिल्या नाहीत त्याला सांगून खरं वाटणार नाही. काही भेगांत माझा हात खांद्यापर्यंत जायचा. शेरडाचा पाय अडकून मोडायचा. बाबांची चुन्याची डबी एका भेगेत पडली ती कायमची. आम्ही खडे टाकून कान लावायचो, तर खडा बराच वेळ खुडबुड करत जायचा आणि कुठं थांबला ते कळायचं नाही. त्या दिवशी बाभळीजवळ गेलो तर गोटा आडवा पडलेला. जमीन आवळून त्याच्या बुडाची माती निखळली होती, तो किसनकाकांच्या बाजूला कलंडला होता आणि त्याच्या जुन्या जागेवर माती ढासळून ती बुजली होती. पडलेल्या गोट्याच्या अगदी शेजारी एक चांगली वीतभर रुंद भेग होती.

"याच्यातूनच निखळला असन," यमी म्हणाली. मलाही तसंच वाटलं. बाबा म्हणायचे, गोटा पडलेला दिसू देऊ नये, बरं नसतं. उन्हाळ्यात ती जमीन खणायची म्हणजे दोन गड्यांचं काम, आणि इथं तर आयतं भोक होतं. दगड माझ्या मांडीएवढा जाड आणि दोन हात लांब. आम्ही दोघींनी तो लोटत, पऱ्हाटीच्या काड्यांनी उचलत उभा केला आणि भेगेत सोडला. तो दणकन बसला. भोवती ढेकळं ठोकली, वरून माती सारली, पायांनी दाबली. मला आठवतं, हात झटकून मी त्याला नमस्कारसुद्धा केला. घरी सांगायचं राहून गेलं, कारण त्याच दिवशी यमीच्या घरची म्हैस व्याली आणि आम्ही दोघी चिकासाठी तिथंच बसलो.

पुढं पाऊसपाण्यानं भेगा मिटल्या. मातीनं फुगून त्या गोट्याला असं घट्ट धरलं की जणू तो पिढ्यान्‌पिढ्या तिथंच होता. त्या वर्षी ऐन पेरणीत किसनकाका हिवतापानं अंथरुणाला खिळले होते. रेघ बाबांनी एकट्यानंच पाडली. खाली फडक्याची काठी गोट्याला बांधून ठेवली होती. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मायला तासांचा आकडा सांगितला नाही. हे मला तेव्हा खटकलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी एकदा ज्वारी पाखडत बसले असताना आठवलं, आणि हातातलं सूप तसंच राहिलं.

भादव्यात किसनकाका काठी टेकत पहिल्यांदा वावरात आले. खालच्या अंगाला त्यांनी आपली तासं मोजली. वर गाडीवाटेशी होती तेवढीच होती, आणि नाल्याशी दोन कमी. आमच्याकडे दोन जादा तासं अर्ध्या वावरापर्यंत येऊन संपली होती. ते बाबांना हाक मारून म्हणाले, "सखाराम, गोटा सरकला हाय."

"गोटा सरकते काय? त्याले पाय हायेत काय?"

"पाय नसतीन. हात असतीन कोनाचे तरी."

मी भाकरी घेऊन तिथंच उभी होते. किसनकाकांनी गोट्याला खांदा लावून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. बाबा ओरडले, "पाय, हाल्ला काय? माया घरच्या कोनाचा हात या गोट्याले लागला असन तं माया तोंडात माती पडो!" हे चार शेतातल्या बायांनी ऐकलं. माझ्या हातातलं पाण्याचं गाडगं मी खाली ठेवलं. हात तर माझाच लागला होता. आणि आता ते सांगायचं म्हणजे, ज्या माणसानं सगळ्यांदेखत शपथ घेतली त्याला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं.

दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. यमीला आमच्या अंगणात यायची बंदी झाली. गोडं पाणी आणायला आम्ही बाया-पोरी मैलभर नदीवर जायचो, तिथं झऱ्याशी ती मला एकदा एकटी सापडली. "तू बोलशीन तं माया बाप मले तोडून टाकीन," ती म्हणाली. मी म्हटलं, मी तुझं नाव घेणार नाही. ती म्हणाली, "मंग बोलूच नोको ना." आणि घागर अर्धीच भरून निघून गेली. मला तिचा राग आला, पण खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं.

दसरा झाल्यावर मारोतीच्या पारावर पंच बसले. कोर्ट अमरावतीला, तिथं जायला दोघांचीही तयारी नव्हती. पाटील म्हणाले, सखारामनं ढेप घेऊन चालावं. आमच्याकडची ही जुनी चाल. शिवेचा किंवा धुऱ्याचा तंटा मिटत नसला की दावेदारानं पागोटं काढायचं, अनवाणी व्हायचं, डोक्यावर मातीची ढेप घ्यायची आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत न बोलता, न थांबता चालायचं. आधी म्हणायचं, मी चालतो तो धुरा खरा, खोटा असेल तर सव्वा महिन्यात ही माती मला खाओ. ढेप मात्र कोरी पाहिजे. म्हणजे वखर, नांगर, मूळ यांच्या खालची, माणसाचा हात कधी न लागलेली. म्हणून ती खुणेच्या पायथ्याशी दोन-अडीच हात खणूनच काढायची. सव्वा महिन्यात त्या माणसाला ताप आला, बैल मेला, घरात काही वंगाळ झालं, तर तो खोटा ठरे. बाबांनी लगेच मान डोलावली. गोमाजी बेलदार तिवश्याकडे विहिरीच्या कामावर गेला होता. खणायला तोच हवा म्हणून दिवाळीनंतरचा सोमवार ठरला.

आज कुणी मला विचारलं, मातीनं माणूस मरतो का, तर मी हसेन. तेव्हा मी हसत नव्हते. बाबा त्या गोट्यापासून चालणार होते आणि तो गोटा खोट्या जागी होता, हे जगात फक्त मला आणि यमीला माहीत होतं. बाबा मनानं खरे असले तरी मातीला काय कळणार कुणाच्या मनातलं! मी मनात सव्वा महिना मोजून पाहायची. मार्गशीर्षात कधीतरी बाबा मरतील, आणि त्यांना मी मारलेलं असेल. घरात फराळाची चकली तळली जात होती आणि मी मागच्या दारानं बाहेर पडायची.

बाबाही बदलले होते. तीन भाकरींच्या दोन झाल्या, मग एक. ठेच्याला हात लावीनात. माय म्हणायची, खोटा आळ आला की माणूस असाच झुरतो. दोन दिवस आधी मी मनाशी ठरवून वावरात गेले, की आज सांगायचंच. तर बाबा खालच्या अंगाला एकटेच उभे होते, त्या दोन आखूड तासांच्या शेवटाशी. बोंडं फुटून कापूस लोंबत होता. ते एकेका झाडावर बोट ठेवत ओठांतल्या ओठांत मोजत होते. मला पाहिल्याबरोबर हात झटकन मागं घेतला आणि खेकसले, "काहून आली? कोनं बोलावलं तुले?" मी म्हटलं, मायनं विचारलंय, वेचणीला बाया उद्या की परवा? ते म्हणाले, "सोमवार जाऊ दे." मी तशीच परत फिरले. भित्री होते, दुसरं काय.

सोमवारी सकाळी सगळं गाव नाल्याकाठी जमलं. बाया लांब, नाल्याच्या दरडीवर. त्यांच्यात माय आणि किसनकाकांची बायको एकमेकींकडे पाठ करून उभ्या. बाबांनी पागोटं काढून ठेवलं होतं. त्यांचं उघडं डोकं मी फारसं पाहिलं नव्हतं. ते मला फार लहान वाटलं. गोमाजी आदल्या संध्याकाळीच आला होता. म्हातारा, हाडकुळा, पण कुदळ उचलली की कुणाला त्याचं वय दिसायचं नाही. त्यानं गोट्याच्या अंगाशी खणायला सुरुवात केली. वरची माती ओलसर, भुसभुशीत. फावड्यानं सहज निघाली. हातभर गेल्यावर चोपण लागायला हवी होती. गोमाजी थांबला. वाकला. मूठभर माती काढून बोटांनी चोळली, हुंगली, आणि पुन्हा खणू लागला. दीड हात. पावणेदोन. मी पुढं सरकत सरकत खड्ड्याच्या काठाशी आले होते. खाली एका बाजूला चोपणाची भिंत निळसर काळी, चकचकीत दिसत होती, आणि गोट्याच्या बुडाला मात्र वरचीच भुसभुशीत माती पार खालपर्यंत गेलेली. तिच्यात पऱ्हाटीच्या काड्या होत्या. एक वाळकं बोंड होतं.

गोमाजीनं कुदळ टेकली. "पाटील, हे माती कोरी नाई."

"म्हंजे?"

"इथी भेग होती. वरचं सारं खाली पडलं हाय, आन्‌ भेगेत गोटा सोडला हाय. मी पोऱ्या होतो तवा या दोघाईच्या बापानं हे दोनी गोटे माया हातानं रोवले. पक्की चोपन फोडून. दोनीच्या खाली टोपलंभर कोयसा टाकला होता. कोयसा सडत नाई, म्हनून. इथी कोयसा नाई."

"मंग आधी काहून नाई सांगितलं?"

"मले कोनं इचारलं?" गोमाजी म्हणाला.

किसनकाका ओरडले, "पाहा! पाहा रे समदे! मी तापानं मरून राहिलो होतो आन्‌ यानं गोटा सरकोला!" लोकांत गलका झाला. कुणीतरी म्हणालं, ढेप घ्यायला निघाला होता, लाज नाही. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते आता गोमाजीच्या अंगावर धावून जातील. ते उभेच राहिले. त्या तापट माणसाला तसं पाहून माझी भीती कुठं गेली मला कळलं नाही.

"गोटा मी रोवला," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मी किंचाळले, "मी रोवला गोटा! उनायात पडला होता. मले वाटलं भेगेतूनच निखळला. बाबाले ठाऊक नाई!"

बाबा माझ्याकडे वळले. मी डोळे मिटून घेतले, पण फटका बसला नाही. "संगं कोन होतं?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षांच्या पोरीला तो दगड एकटीला उभा करता येणार नाही, हे त्यांना कळत होतं. मी डोळे उघडले. बायांच्या घोळक्यात यमी आईच्या लुगड्यामागं उभी होती आणि जमिनीकडे बघत होती.

"कोनी नाई," मी म्हटलं.

पाटलांनी विचारलं, पडला तेव्हा त्याचं बूड कुठं होतं? मी आमच्या बाजूला दोन हात सरकून पाय टेकवला. गोमाजी तिथं खणू लागला. पहिल्याच वीतभर काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे निघाले. मला खड्ड्यात वाकायचीही गरज नव्हती. बाबांची तुराटी माझ्या डोळ्यांपुढं आली. दोन हात खोल गेल्यावर फावडं काळं होऊन वर आलं, आणि गोमाजीनं तळहातावर कोळसा धरून सगळ्यांना दाखवला. तो ओला होता, पण तुकड्यांच्या कडा अजून धारदार होत्या. किसनकाका आणि बाबा दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. दोघांच्या बापांनी ठेवलेला होता तो.

पाटील म्हणाले, झालं, आता ढेपेचं काम उरलं नाही, पोरीची चूक आहे, गोटा जागेवर रोवा आणि घरी जा. लोक हलायलाही लागले. तेवढ्यात बाबा म्हणाले, "चालनं झालंच पायजे. खऱ्या गोट्यापासून." त्यांनी स्वतः खड्ड्यात उतरून भिंतीतून चोपणाची ढेप कापली, भरल्या कोहळ्याएवढी, आणि वर आले. दोन्ही हातांत ती धरून उभे राहिले. छातीपर्यंत आली, पुढं जाईना. मग ते माझ्यापाशी आले.

"हे चालीन," ते पाटलांना म्हणाले. "गोटा इनं हालवला. खरं बी हेच बोल्ली."

"अवो, लेकरू हाय थे!" माय लांबून ओरडली. बाबांनी तिकडं पाहिलं नाही. ढेप माझ्या डोक्यावर ठेवली. चुंबळ नाही, काही नाही, नुसत्या केसांवर. सगळ्यांना वाटलं ही शिक्षा आहे. मलाही तेच वाटलं. पाटलांनी सांगितलं तसं मी म्हटलं, मी चालते तो धुरा खरा, खोटा असेल तर सव्वा महिन्यात ही माती मला खाओ. आणि चालायला लागले.

ते वावर किती लांब होतं हे मला त्या दिवशी कळलं. थंडगार माती टाळूला चिकटत होती, तिच्यातला एक खडा हाडात रुतत होता, आणि गढूळ पाणी कानामागून ओघळून मानेत जात होतं. मान हलवायची नव्हती. समोर वरच्या गोट्याशी बांधलेलं पांढरं फडकं दिसत होतं, तेवढ्यावर मी डोळे ठेवले. उजवीकडे आमची पऱ्हाटी, डावीकडे आम्ही पेरलेली पण आता किसनकाकांची झालेली ती दोन तासं, पांढरीशुभ्र फुटलेली. मागं बाबांच्या श्वासाचा आवाज येत होता. एकदा ढेकळावरून पाय घसरला, तर तो श्वास थांबला. मी सावरले, आणि पुन्हा चालू झाला. वरच्या गोट्याशी पोचले तेव्हा ढेप किसनकाकांनी उतरवली, दोन्ही हातांनी, देवाचं काही घ्यावं तशी. म्हणाले, "झालं व माय. झालं." त्यांचे डोळे भरले होते. माझे नव्हते, मला नुसती मान मोडल्यासारखी वाटत होती.

संध्याकाळ व्हायच्या आत माय मला अंगणात दगडावर बसवून डोकं धुवायला लागली. चोपण केसांतून सुटेना. आधीचं पाणी काळं, मग राखाडी, आणि दगडाच्या खोलगट जागी चुनखडीचे बारीक खडे साठले. तिनं एकदाही मला बोल लावला नाही, फक्त हात नेहमीपेक्षा जोरात चोळत होते. यमी कुंपणाशी आली, पळसाच्या पानात उकडलेल्या तुरीच्या शेंगा ठेवल्या आणि गेली. माय ऊन पाणी आणायला आत गेली तेव्हा बाबा आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. त्या खड्यांतला एक उचलून बोटांत फिरवला.

"मले पेरनीच्या दिवशीच समजलं होतं," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी गेलं होतं, मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"दोन तासं जादा आली. दोनदा मोजली. गोटा काहून सरकला थे काई समजलं नाई, पन सरकला हाय थे समजलं. मनात म्हनलं, किसन उठला की सांगीन. मंग उगवून आलं. मंग पात्या-फुलावर आलं. मंग थो बोल्ला आन्‌ मी तोंड वाजवलं." त्यांनी खडा खाली टाकला. "ढेप उचलली तं डोक्यावर नेववेना, कौशे. म्हून तुया डोक्यावर देली."

आतून मायच्या पावलांचा आवाज आला. बाबा उठले, धोतर झटकलं आणि गोठ्याकडे गेले. माय म्हणाली, काय म्हणत होते? मी म्हटलं, काही नाही. ते मी तिला ती जाईपर्यंत सांगितलं नाही. दोघंही गेल्याला आता इतकी वर्षं झाली आहेत, म्हणून लिहिते.

गोटा जागेवर रोवला गेला, खाली नवा कोळसा घालून. त्या दोन तासांचा कापूस किसनकाकांच्या घरी गेला. शपथ माझी होती, म्हणून सव्वा महिना सगळं गाव माझ्यावर डोळा ठेवून होतं. मला शिंक आली तरी बाया एकमेकींकडे बघत. माय रोज सकाळी माझ्या कपाळाला हात लावून पाहायची. मला काही होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी चालले तो धुरा खरा होता. पण तोंडात माती पडो, असं म्हणाले होते ते बाबा. मी रोज रात्री जेवताना बाबांच्या भाकरी मोजत होते.